मशीन आधी बोलायचं

आमच्या नावडे कॉलनीत मी भांडखोर बाई म्हणून प्रसिद्ध आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले की सेक्रेटरी आधी पाणी पिऊन घेतात. याला कारण माझा डावा हात. बोलायला लागले की तो आपोआप कमरेवर जातो, आणि कमरेवर हात ठेवून बोलणारी बाई म्हणजे भांडायलाच आलेली, असा आपल्याकडे पक्का समज आहे. मी भांडत नाही असं नाही, पण त्या हाताचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती सवय मला माझ्या कामाने लावली.

मी व्हॉल्व्हचे अँप्लिफायर बनवते. घरी, मागच्या बाल्कनीत. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा असं सांगितलं गेलं तेव्हा मी म्हटलं, नोकरीत काय आठवणार, सकाळी गेले आणि संध्याकाळी आले. पण नोकरीच्या कडेकडेने जे वेड लागलं त्याबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत पेटायचा तो काचेचा दिवा. नव्या पिढीने पाहिलेलाही नसेल. आत एक तार तापते, तिच्यातून वीज बाहेरच्या पत्र्याकडे धाव घेते आणि मध्ये एक जाळी असते. आमच्या खाडीकडच्या गावांत खारबंदिस्तीच्या बांधाला उघाडी असते ना, लाकडी झडपेची, तसंच हे काम. झडप बोटभर वर केली की अख्ख्या खाडीचं पाणी तिच्या तालावर आत-बाहेर करतं. तसा गाण्याचा बारीकसा आवाज त्या जाळीवर सोडला की मोठी वीज त्याच्या तालावर हलते. झाला अँप्लिफायर. फक्त त्यासाठी आत तीनशे व्होल्ट लागतात, आणि हे तीनशे व्होल्ट प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीत, दबा धरून बसलेले असतात.

म्हणून या धंद्याचा पहिला नियम, एक हात खिशात. दोन्ही हात आत घातले आणि झटका बसला तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. एकच हात आत असेल तर नुसती आई आठवते. हे मला कारखान्यातल्या टेस्टिंगच्या थॉमस साहेबांनी शिकवलं. साहेब पँट घालायचे, माझ्या साडीला खिसा कुठला? मी हात कमरेवर ठेवला. तो अजून तिथेच आहे.

तळोज्याच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंग विभागात माझी सगळी नोकरी झाली. विभागात आम्ही बायकाच. केसासारखी बारीक तांब्याची तार बॉबिनवर गुंडाळायची, एकही वेढा दुसऱ्यावर चढू द्यायचा नाही, प्रत्येक थरावर कागद घालायचा आणि तार तुटू द्यायची नाही. कराडहून लग्न करून आले तेव्हा मला शेवया वळता यायच्या, तेवढ्या भांडवलावर मला घेतलं असावं. सुपरवायझर म्हणायचे, मोहितेबाईंची कॉइल बघून घ्यायची गरज नाही. मी ते ऐकलं नाही असं दाखवायचे, पण घरी जाऊन सांगायचे.

थॉमस साहेब केरळचे. टेस्टिंग रूममधली जुनी उपकरणं भंगारात निघाली तेव्हा त्यांनी त्यातले व्हॉल्व्ह काढून ठेवले. जेवणाच्या सुट्टीत ते एक छोटं यंत्र जुळवत बसायचे. एकदा मी विचारलं, साहेब, हे काय? ते म्हणाले, "मोहिते, यातला सगळ्यात अवघड भाग तूच बनवतेस." आणि त्यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मर दाखवला. व्हॉल्व्हची वीज मोठ्या दाबाची असते पण प्रवाह थोडा. स्पीकरला उलट हवं असतं. दोघांचं जमवायला मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो नीट गुंडाळलेला नसेल तर महागातला व्हॉल्व्हसुद्धा पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा बोलतो. मी म्हटलं, द्या इकडे, मी गुंडाळून देते. तिथून सुरुवात झाली.

साहेबांसाठी एक केला, मग मला स्वतःचा अँप्लिफायर हवासा झाला. चॅसिस, म्हणजे सगळं बसवायचा सांगाडा, कशाची करायची? सासूबाईंचा जर्मनचा डबा होता, जुना, बिनझाकणाचा. मी त्याला व्हॉल्व्हच्या मापाची भोकं पाडली. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आता यातून काय चाळायचं का?" आमचे हे शाळेत क्लार्क होते, शांत माणूस. ते आईला म्हणाले, अगं, घरात माझी सवत आली असं समज. मी रुसले होते की हसले होते, आता आठवत नाही.

पहिला अँप्लिफायर चालू केला आणि त्याने अशी शिट्टी मारली की शेजारच्या काकू कुकर बंद करायला धावल्या. ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. जो आवाज उलट फिरून यंत्राला ताब्यात ठेवायचा, तोच त्याला पेटवत होता. तारा बदलल्या. शिट्टी गेली आणि जोडलेल्या रेडिओवरच्या सकाळच्या बातम्या त्या डब्यातून आल्या. अहो, नुसत्या बातम्या! पण बातम्या देणारा माणूस आमच्या ओट्यावर बसून बोलतोय असं वाटलं. मी आणि हे दोघं भाजी चिरायची सोडून बाजारभाव ऐकत उभे होतो.

मग कितीतरी प्रयोग केले. थरांमध्ये कधी बटर पेपर घातला, कधी पतंगाचा कागद. पतंगाचा कागद पावसाळ्यात ओला होतो, हा शोध एक ट्रान्सफॉर्मर जाळून लागला. एकाच सर्किटला वेगवेगळे व्हॉल्व्ह लावून बघितले, दोन जोडून बघितले, उलटेपालटे करून बघितले. पण सगळ्या प्रयोगांचा शत्रू एकच, हम.

हम म्हणजे ती घुंऽऽऽ अशी गुणगुण. विजेच्या तारेतून घरात येणारा प्रवाह सतत हेलकावे घेत असतो. तो नीट गाळून सपाट करायचं काम कंडेन्सरचं. गाळणी कमी पडली की हेलकावा गाण्यात उतरतो आणि स्पीकरमधून एक सूर सतत येत राहतो. अर्थिंग चुकलं तरी येतो, तार तारेच्या फार जवळून गेली तरी येतो. मी त्याच्या मागे वर्षानुवर्षं लागले होते. आमच्याकडे त्याची तपासणी असायची. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि हे स्पीकरला कान लावून बसायचे. "आहे गं थोडा," म्हणाले की पुन्हा सगळं उघडायचं. "काही नाही," म्हणाले की चहा. माझ्या अँप्लिफायरला हम नसतो, ही माझी शान होती. गिऱ्हाइकाला मी गाणं नंतर ऐकवायचे, आधी शांतता ऐकवायचे.

गिऱ्हाइकं निवृत्तीनंतर वाढली. तोंडोतोंडी, आणि कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ टाकला त्यामुळे. एकेक नग असतात. खारघरचा एक तरुण आला, त्याला व्हॉल्व्ह अजून लाल हवे होते. "काकी, पार्टीत लाइट बंद केल्यावर दिसले पाहिजेत ना." मी म्हटलं, व्हॉल्व्हचा आतला पत्रा लाल झाला म्हणजे त्याला ताप भरलाय, आज-उद्या जाणार तो. शेवटी त्याने खाली निळा बल्ब लावून घेतला आणि तो खूश झाला. नेरुळचे एक गृहस्थ डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "खर्जात जरासा दमटपणा वाटतोय." मी म्हटलं, नवी मुंबईत राहता आणि दमटपणाची तक्रार करता? पण त्यांनी घेतला. ते अजून फोन करतात, आता दमटपणा आवडतो म्हणतात.

या सगळ्यांत ज्या गिऱ्हाइकाने मला खरं कामाला लावलं, ती जासईची हिराबाई.

तिला घेऊन तिची नात आली होती, निकिता. कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करणारी, चटपटीत मुलगी. रिक्षातून तिने आणि रिक्षावाल्याने मिळून एक जुना लोखंडी अँप्लिफायर वर आणला. लग्नकार्यात कर्ण्यांना जोडायचे तसला. रंग उडालेला, पुढची बटणं तिन्ही वेगवेगळ्या जातीची. मागून काठी टेकत हिराबाई आली. नऊवारी, कपाळावर गोंदण, अंगाने किडकिडीत. बसल्यावर आधी तिने माझ्या बाल्कनीतल्या व्हॉल्व्हकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"बाय, याचा जीव गेलाय. बग, येतो का."

निकिताने सांगितलं ते असं. तिची आजी धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पुढचे सगळे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात, तिचे धवले झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आजोबा हसुराम स्पीकरवाले. गावातल्या लग्नात आजोबांचा कर्णा आणि आजीचा गळा, अशी जोडी. तीन वर्षांपूर्वी आजोबा गेले. त्यांच्या मागे पावसात हे मशीनही बंद पडलं. तेव्हापासून आजी मांडवात गायलेली नाही.

"नवीन सिस्टिमवर दोनदा प्रयत्न केला, मॅडम. एक ओळ म्हणते आणि थांबते. म्हणते, सूर सापडत नाही. सगळे बोलतात वय झालं. पण घरात चुलीपुढे छान गाते हो. कानाघशाच्या डॉक्टरला दाखवलं, तो बोलला सगळं ओके आहे."

"मग आता मशीन कशाला?" मी विचारलं.

निकिता म्हणाली, "माझं लग्न ठरलंय. घरचे बोलतात दुसरी धवलारीण बोलवू, नाहीतर रेकॉर्डिंग लावू. मला आजीच पाहिजे. तिने अख्ख्या गावाच्या पोरींना हळद लावली, आणि माझ्या वेळेला तिनं पाहुण्यासारखं खुर्चीत बसायचं? मी नाही लावून घेणार मग."

हिराबाई माझ्याशी बोलल्यासारखं करून तिलाच बोलली. "येरी हाय ती. मी नाय गायली तं काय हलद लागाची नाय का?" पण बोलताना ती मशीनच्या कडेवरून बोट फिरवत होती.

जाता जाता निकिता म्हणाली, "आजीचे नखरे पण खूप होते हं आधी. मांडवात लाइट गेली आणि जनरेटर लावला की ही गाणं थांबवायची. लाइट येईपर्यंत नवरी तशीच बसून. आजोबा कुणाला काही बोलू द्यायचे नाहीत." आम्ही हसलो. हिराबाई हसली नाही, आणि मला त्यात काही विचार करण्यासारखं वाटलं नाही.

मशीन उघडलं. खाडीच्या हवेने आत मीठ फुटलं होतं. एक पालीचं अंडं, कोळ्याचं जाळं आणि कुठल्याशा लग्नाचा तांदूळ. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तार हिरवी होऊन आतून तुटलेली. ते माझं घरचं काम. मी तो सोडवला, वेढे मोजत उलगडला आणि नव्या तारेने तसाच गुंडाळला. जुन्या माणसाने गुंडाळलेली कॉइल उलगडताना त्याचा हात कळतो. हा हात चांगला होता, आणि मला आमच्या वाइंडिंगच्या बायका आठवल्या. आमच्यामागे तो विभाग बंद झाला, मशीन आलं आणि सगळ्या पांगल्या. कुणी पापड करते, कुणी नातवंडं सांभाळते. एवढे बारीक हात नुसते पडून आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

गाळणीचे कंडेन्सर पाहिले तर डोकंच फिरलं. एका कंडेन्सरचा पाय, म्हणजे जोडणीची तार, चक्क कापलेला! गंजून तुटलेला नव्हे, पक्कडीने साफ कापलेला, आणि वर सुती पट्टी गुंडाळलेली, बोट कापल्यावर गुंडाळतात तशी नीट. म्हणजे गाळणी अर्धी बंद. हे मशीन वर्षानुवर्षं भुंग्यासारखं घुमत असणार. मी यांना हाक मारून दाखवलं.

"बघा, लोकं काय काय करून ठेवतात! कुणीतरी उंटावरचा शहाणा मेकॅनिक असणार."

हे म्हणाले, "पट्टी मात्र प्रेमाने बांधलीय."

मी त्यांना आत पाठवलं. सगळे कंडेन्सर नवे घातले, चांगले मोठे. अर्थिंग पुन्हा केलं. तारा दूर घेतल्या. व्हॉल्व्ह मात्र जुनेच, ते अजून ठणठणीत होते. चालू केलं आणि यांनी कान लावला. पंखा बंद, फ्रिज बंद. "काही नाही," हे म्हणाले. चहा झाला. एवढ्या जुन्या लोखंडी धुडातला हम मी शून्यावर आणला होता. थॉमस साहेब आता नाहीत, नाहीतर त्यांना फोन केला असता.

मशीन पोचवायला आम्ही दोघं जासईला गेलो. सगळीकडे कंटेनरच्या भिंती, आणि त्यांच्या मागे अजून घरं, अंगणं, शेवग्याचं झाड. लग्नाला आठवडाभर होता. अंगणात मशीन ठेवलं, खांबावर कर्णा बांधला. शेजारपाजारच्या बायका जमल्या. हिराबाई पाटावर बसली, पदर सारखा केला, माईक हातात घेतला.

मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह पेटले. हिराबाई वाट बघत बसली.

"गा ना, आजी. चालू आहे," निकिता म्हणाली.

"चालू हाय?" तिने मशीनकडे पाहिलं. मग डोळे मिटून तिने सुरुवात केली. पहिला शब्द एका उंचीवर, दुसरा भलतीकडे. ती थांबली, पुन्हा सुरू केलं, या वेळी खाली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने तोंडाला पदर लावला. हिराबाईने माईक मांडीवर ठेवला.

"यो त्याचा मशीन नाय."

माझं डोकं तापलं. एवढं जीव ओतून काम केलं होतं. मनात आलं, नाचता येईना अंगण वाकडं. आणि डावा हात गेला कमरेवर.

"आजी, मशीन तेच आहे. व्हॉल्व्हसुद्धा तेच आहेत. उलट आता आधीपेक्षा नीट आहे. जरासुद्धा आवाज करत नाही, ऐका."

"नीट हाय, बाय. पन मुका हाय."

"मुका म्हणजे?"

"तो बटन दाबाचा न् बाजूला व्हायाचा. मशीन आदी बोलाचा. मंग मी." आणि मला कळत नाही असं पाहून तिने तोंड मिटून तो आवाज काढून दाखवला. घुंऽऽऽ.

मी तो आवाज कुठेही ओळखीन. उभं आयुष्य मी त्याच्या मागे धावले होते. घरातली वीज गाळताना जो हेलकावा उरतो, त्याचा तो सूर, अगदी तोच. हिराबाई त्याच्यावरून आपला सा उचलायची. धवल्यांना पेटी नाही, तंबोरा नाही, काही साथ नसते. तिची साथ म्हणजे हे मशीन होतं. चुलीपुढे कुठल्याही सुरात गायलं तरी चालतं, मांडवात तिला तोच लागायचा. म्हणून नव्या सिस्टिमवर तिला सूर सापडेना, त्या गप्प असतात. म्हणून ती जनरेटरवर थांबायची, जनरेटरची वीज कमीजास्त पळते आणि सूर हलतो. सरकारी वीज मात्र सगळीकडे एकाच चालीने येते. गावातल्या सगळ्या पोरींची हळद, इतकी वर्षं, त्या एकाच सुरात लागली होती. आणि तो सूर मी साफ करून आणला होता.

"आजी," मी पाटाशेजारी खाली बसले, "हे मशीन आधी कधी असं मुकं झालं होतं?"

ती आठवत राहिली. "एकदा. निकिताचा बाप लहान होता. मुंबयशी दुरुस्त करून आनलावता. असाच मुका. त्या लग्नान माजा गला लागला नाय. लोकां हसली. मी घरा येऊन रडली." तिने पदराने नाक पुसलं. "दुसरे दिवशी यो दार लावून बसला. मना आत येव दिला नाय. काय केला, ठावं नाय. संध्याकाली मशीन पुन्ना बोलाय लागला."

"तुम्हाला सांगितलं नाही काही?"

"इचारला मी. तर बोलला, काय नाय, तुजी आठवन आली त्याला."

बायका हसल्या. मला हसू येईना. माझ्या डोळ्यांपुढे तो कापलेला पाय आला आणि त्याच्यावरची सुती पट्टी. ज्या हसुरामला मी उंटावरचा शहाणा म्हणाले, त्याला आपलं मशीन निर्दोष झालेलं चाललं असतं, लोकांनी त्याला नावाजलंही असतं. त्याने ते बिघडवलं, आणि बायकोला आपल्यामुळे सूर मिळतो हेसुद्धा कळू दिलं नाही. कळलं असतं तर तिला आपल्या गळ्याचा भरवसा राहिला नसता, असं त्याला वाटलं असेल. किंवा नुसती लाज वाटली असेल. आमचे हे माझ्याकडे बघत होते. पट्टीबद्दल ते आधीच बोलले होते, पण आता एक शब्दही बोलले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

मीही हिराबाईला काही सांगितलं नाही. म्हटलं, "एक जोडणी राहिली होती, आजी. माझ्याकडून चुकून राहिली." मशीन बंद केलं, कंडेन्सरमधली दबलेली वीज काढून टाकली, आणि हात कमरेवर ठेवून मी नव्याकोऱ्या कंडेन्सरचा पाय कापला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं यंत्र मुद्दाम बिघडवत होते. बटण दाबलं. बारीक घुंऽऽ आलं. हिराबाईने मान हलवली, एवढा नाही. माझे कंडेन्सर फार मोठे होते. पुन्हा बंद केलं, दुसरा काढून हत्यारांच्या पिशवीतला लहान घातला.

"आजून थोरा," ती म्हणाली. आणखी लहान घातला. कर्ण्यातून तो सूर अंगणभर पसरला, गोल, जाड. मला कानात बोटं घालावीशी वाटत होती.

हिराबाईचे डोळे मिटले होते. "हां," ती म्हणाली, "आला."

मी निकिताकडे सुती कापड मागितलं. तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली. कापलेल्या पायावर मी ती नीट गुंडाळली, पहिली होती तशीच.

हळदीच्या दिवशी आम्ही सकाळीच गेलो. रात्रीच्या डीजेचे काळे खोके एका बाजूला रचून ठेवले होते. मांडवात विधीची तयारी झाली होती, निकिता पिवळ्या साडीत पाटावर बसली होती, हळदीची वाटी पुढे. आणि शेजारच्या पाटावर हिराबाई, खुर्चीत नव्हे. बटण दाबायचा मान तिने मला दिला. "दाब, बाय, न् बाजूला हो," म्हणाली.

मी दाबलं आणि बाजूला झाले. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. मग कर्ण्यातून ती घुंऽऽऽ सुरू झाली. डीजेवाला मुलगा चहा पीत उभा होता, तो घाईघाईने माझ्याजवळ आला.

"काकी, हम येतोय. अर्थिंग गेलंय बहुतेक. मी बघू का?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, आणि वर चार शब्द सुनावले असते. माझा हात कमरेवर होताच.

"हात लावू नको," मी म्हटलं. "येऊ दे."

हे माझ्या शेजारी उभे होते. सवयीने त्यांनी कर्ण्याकडे कान केला होता. हिराबाईने क्षणभर तो सूर ऐकला, कुणी हाक मारल्यावर माणूस आधी वळून बघतो तसा. आणि तिने धवला उचलला. म्हाताऱ्या बाईचा आवाज, किंचित घोगरा, पण सरळ, कुठेही न हलणारा. मांडवातल्या बायकांनी मागून धरला. निकिताने मान खाली घातली, तिचे खांदे हलत होते, आणि तिच्या गालावर हळद लागली.

मी माझ्या सवयीने त्या गाण्यात हम शोधत होते. खूप शोधला. तो मला कुठेच सापडला नाही.